समुद्राविना शंख-शिंपले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यात. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि फावल्या वेळात रिकामे शंख-शिंपले वेचतो. सपरीत ठेवलेली खोकी पाहून येणारा-जाणारा काहीतरी विचारतोच, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवलं, आणि ओळख पटवायला कोणत्या साइट कामी येतात तेही सांगितलं. साइटची आणि प्राण्यांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. शोधताना ती इंग्रजी अक्षरांत टाका. स्पेलिंग थोडं चुकलं तरी शोधयंत्र बहुधा सांभाळून घेतं.

समुद्र कुठच्या कुठे. इथे बसून शंख-शिंपले कसले गोळा करता?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा तलावाच्या पाळीवरच उभा असतो. मी त्याला पायाखाली बघायला सांगतो.

शंख आणि शिंपले म्हणजे मृदुकाय प्राण्यांची घरं. हे प्राणी समुद्रात राहतात तसे तलावात, नदीत, धानाच्या बांधीत, विहिरीत आणि कुंडीतल्या ओल्या मातीतही राहतात. मार्च उलटला आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी हटू लागलं की कडेच्या चिखलात लांबट, काळपट, तळहाताएवढे शिंपले उघडे पडतात. बाहेरून कळकट, पण आतून असे चमकतात की ऊन पडलं तर डोळे दिपतात. हा लॅमेलिडेन्स. माझी आजी याच शिंपल्याची पाठ दगडावर घासून भोक पाडायची आणि त्या भोकाच्या धारेने कैरी सोलायची. तसं सोलणं आजच्या कोणत्याही पीलरला जमत नाही, असं माझं मत आहे.

दुसरा नेहमी दिसणारा म्हणजे मुठीत मावणारा, गोलमटोल, तपकिरी-हिरवट पायला. त्याच्याजवळ कल्लाही असतो आणि फुप्फुसासारखी पिशवीही. त्यामुळे बांधी आटली तरी तो चिखलात उतरतो, दाराला चुनखडी झाकण लावतो आणि पावसाळ्याची वाट पाहत पडून राहतो. त्याचे रिकामे शंख हवे असतील तर मुग्धबलाक कुठे चरतात ते बघा. उघड्या चोचीचा हा करकोचा मुख्यतः पायलावर जगतो. झाकण काढून आतलं मांस ओढून घेतो आणि शंख पुष्कळदा धड सोडून जातो. मी पहिले वीस-पंचवीस शंख त्याच्याच उष्ट्यातून उचलले. तेव्हा जाळं घेऊन चाललेल्या ढीवर मामांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "पिशवीत का भरून राहिले जी गुरुजी? शिपा होय, याले कोन पुसते!"

पुसणारे जगभर बसलेले आहेत. म्हणूनच हे साइटचं पुराण.

(जाता जाता एक. सरळ रेषेत मोजलं तर नागपूरला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ पडतो. आमच्या वैनगंगेचं पाणीही प्राणहिता आणि गोदावरीतून तिकडेच जातं. समुद्र म्हटलं की आपण मुंबईकडे तोंड करतो, ती केवळ सवय आहे.)

एवढ्या साइट कोण बघणार? एकच सांगा.

आयनॅचरलिस्ट. २००८ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात काही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ही सुरू झाली. आता ती ना-नफा संस्था आहे. फोटो टाकायचा, ठिकाण आणि तारीख द्यायची. जगातलं कुणीही तो पाहून नाव सुचवतं. किमान दोन जणांचं आणि एकूण मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं प्रजातीवर एकमत झालं की त्या नोंदीला 'रिसर्च ग्रेड' असा शिक्का मिळतो.

ॲप स्वतःही नाव सुचवतं. इथेच माझी फजिती झाली होती. पहिल्याच लॅमेलिडेन्सला ॲपने एका अमेरिकी शिंपल्याचं नाव दिलं आणि मी खुशाल 'हो' म्हणून टाकलं. दोन दिवसांनी एका अनोळखी माणसाने नम्रपणे लिहिलं की हा प्राणी भंडाऱ्यात पोहोचण्याची शक्यता कमी आहे, बिजागरीचा फोटो टाकता का? तेव्हा कळलं की शिंपल्याची ओळख पाठीपेक्षा पोटात असते. दोन्ही झडपा जिथे जोडलेल्या असतात त्या बिजागरीवरचे दात-खाचे तज्ज्ञ आधी बघतात. आपल्याकडे लॅमेलिडेन्ससोबत पॅरेसियाही सापडतो. तो आखूड आणि जाड असतो, आणि त्याच्या टोचीजवळ, म्हणजे बिजागरीपाशी फुगलेल्या भागावर, नागमोडी सुरकुत्या दिसतात. झीज झाली असेल तर त्या पुसून जातात आणि मग बिजागरीशिवाय इलाज उरत नाही.

म्हणून फोटो असे काढा. शंख असेल तर टोक वर करून तोंडाच्या बाजूचा एक, पाठीचा एक आणि टोकावरून खाली बघत एक. शिंपला असेल तर बाहेरून, आतून आणि बिजागरीचा अगदी जवळून. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. पाळीवर नेटवर्क नसलं तरी बिघडत नाही. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून फोटो काढा आणि घरी आल्यावर चढवा. अंगणात सापडलेली वस्तू असेल आणि घराचा पत्ता जगाला दाखवायचा नसेल, तर ठिकाण धूसर करायची सोय आहे.

गूगल लेन्सने काम भागत नाही का?

समुद्रातल्या प्रसिद्ध शंखांसाठी बऱ्यापैकी भागतं. तलावातल्या शिंपल्यासाठी मला त्याने एकदा सँडलच्या जाहिराती दाखवल्या.

एकाच गोगलगायीची दोन-दोन शास्त्रीय नावं दिसतात. खरं कोणतं?

त्यासाठी मोलस्काबेस. बेल्जियममधल्या ऑस्टेंड इथल्या सागरी संस्थेत 'वर्म्स' नावाची समुद्री जीवांची जागतिक नोंदवही सांभाळली जाते. मोलस्काबेस तिचीच बहीण. समुद्रातले, गोड्या पाण्यातले, जमिनीवरचे, इतकंच काय जिवाश्म झालेले मृदुकायही इथे सापडतात. जुनं नाव टाकलं की साइट सांगते, हे आता मान्य नाही, मान्य नाव अमुक. उदाहरणार्थ शेतातली मोठी आफ्रिकन गोगलगाय. कृषी खात्याच्या पत्रकांत ती अजून 'अचाटिना फुलिका' असते, मोलस्काबेसवर 'लिसाचाटिना फुलिका'. प्राणी एकच.

नावापुढे माणसाचं आडनाव आणि साल असतं. ते कधी कंसात असतं, कधी कंसाशिवाय. मुलं हे विचारत नाहीत, पण मला ते कळल्यावर फार मजा वाटली होती. कंस असला तर समजायचं की त्या माणसाने हा प्राणी पहिल्यांदा दुसऱ्याच कुळीत, म्हणजे दुसऱ्याच पहिल्या नावाखाली, नोंदवला होता. लिनियसने १७५८ मध्ये पैशाच्या कवडीला 'सायप्रिया मोनेटा' म्हटलं. आज ती 'मोनेटारिया मोनेटा' आहे, म्हणून लिनियसचं नाव कंसात गेलं. सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखंच आहे. जुन्या मालकाचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात.

एक सावधानता. मोलस्काबेस नावाचा वाद सोडवतं, तुमच्या हातात काय आहे ते सांगत नाही. ते काम आधी उरकून मग इथे या.

मराठीत काही आहे का?

फारसं नाही. आयनॅचरलिस्टवर प्रजातीच्या पानाला मराठी नाव जोडता येतं, आणि पुष्कळ जागा रिकाम्या आहेत. पण मनाने नावं बनवून भरू नका. तुमच्या गावात म्हातारी माणसं खरंच जे म्हणतात तेच लिहा.

आपल्या भागातल्या प्रजातींची पुस्तकं फुकट मिळतात का?

मिळतात, आणि कायदेशीर मिळतात. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या साइटवर जगभरच्या ग्रंथालयांनी जुनी निसर्गविषयक पुस्तकं पानापानाने चढवली आहेत. ब्रिटिश काळातल्या 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतले मृदुकायांचे खंड तिथे वाचता येतात. आपल्या कामाचा खंड म्हणजे प्रेस्टनचा, १९१५ चा, गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांवरचा. भाषा रुक्ष आणि चित्रं मोजकीच, पण कोणता नमुना कुठून आला हे गावानिशी लिहिलेलं असतं. त्यात नागपूरचं नाव आलं की पान पुढे उलटवत नाही.

त्यानंतरचं महत्त्वाचं काम भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं. ही संस्था १९१६ पासून आहे, मुख्यालय कोलकात्यात. सुब्बा राव यांचं भारतातल्या गोड्या पाण्यातल्या मृदुकायांवरचं १९८९ चं हस्तपुस्तक तिनेच काढलं. संस्थेच्या साइटवर बरीच प्रकाशनं मोफत उघडतात. फाइल जड असते, म्हणून रात्री उशिरा लावून ठेवा.

नोंदी नकाशावर बघायच्या असतील तर जीबिफ (जी-बी-आय-एफ) ही साइट. तिचं कार्यालय कोपनहेगनमध्ये आहे. संग्रहालयांतले नमुने आणि आयनॅचरलिस्टवरच्या रिसर्च ग्रेड नोंदी तिथे ठिपक्यांच्या रूपात एकत्र दिसतात. नोंद इतरांना वापरू देणारा मोकळा परवाना तुम्ही निवडला असेल तर तुमचा पाळीवरचा शिंपलाही त्या नकाशात जातो. विदर्भावर नकाशा मोठा करून पाहिलात तर ठिपके किती विरळ आहेत ते दिसेल. तिथे शिंपले नाहीत असा त्याचा अर्थ नाही. तिथे कुणी वाकून पाहिलं नाही, एवढाच अर्थ.

देवघरात दक्षिणावर्ती शंख आहे. खरा की खोटा हे साइटवरून कळेल का?

कळेल, आणि हे उत्तर सांगताना मी दोन घरांतला चहा गमावला आहे.

पूजेचा साधा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. भारताच्या दक्षिण किनाऱ्यावर, विशेषतः मन्नारच्या आखातात तो पिढ्यान्पिढ्या काढला जातो. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला तर त्याचं तोंड उजव्या हाताला उघडतं. जीवशास्त्रज्ञ याला उजवा म्हणतात. आपल्याकडे ज्याला दक्षिणावर्ती म्हणतात त्याचं तोंड असं धरल्यावर डावीकडे येतं. शब्द उलटे पडतात, कारण पूजेत शंख धरायची रीतच वेगळी. टर्बिनेला पायरममध्ये असा डावा शंख अतिशय दुर्मिळ आहे.

मग जत्रेत आणि ऑनलाइन दुकानांत एवढे दक्षिणावर्ती येतात कुठून? अमेरिकेहून. लाइटनिंग व्हेल्क नावाचा एक शंख मेक्सिकोच्या आखातात आणि अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर राहतो. टेक्सास राज्याने त्याला आपला अधिकृत शंख केलं आहे. तो स्वभावतःच डावा, म्हणजे तिथे घरोघरचा. त्याला घासून, पांढरा करून, कधी तांब्याचं टोपण बसवून विकतात.

ओळखायचं कसं? तोंडातून आत, मधल्या खांबाकडे बघा. मोबाइलचा टॉर्च लावा. टर्बिनेलाच्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या वळ्या असतात, बोटाला लागतात. लाइटनिंग व्हेल्कचा खांब जवळजवळ गुळगुळीत. मग जीबिफवर किंवा आयनॅचरलिस्टवर दोन्ही नावं टाका आणि फोटो व नकाशे शेजारी शेजारी ठेवा. आमच्या घरी वडिलांनी एका जत्रेतून आणलेला होता. दुकानदाराने कागदही दिला होता, शिक्क्यासकट. टॉर्च लावला, खांब गुळगुळीत. आई म्हणाली, "राहू दे, त्याच्यावर तीस वर्षं पाणी घातलंय." तो अजून देवघरातच आहे.

पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधतो त्या कवड्या कुठल्या?

समुद्राच्या, आणि पुष्कळ दुरून आलेल्या. पैशाच्या कवड्यांचा मोठा पुरवठा एकेकाळी मालदीवहून व्हायचा आणि व्यवहारात त्या नाण्यासारख्या चालायच्या. 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' तिथूनच आले. कापसाच्या भावाबद्दल बोलताना आपण हे शब्द आजही रोज वापरतो. जुन्या पट्ट्यातली कवडी उलटून पाहा. तिची पाठ बहुधा कापलेली असते, म्हणजे दोरा ओवून सपाट बसते. पाठ शाबूत असेल तर दोन जाती वेगळ्या करता येतात. कडेला गाठी आणि रंग पिवळसर असेल तर मोनेटा. पाठीवर नारिंगी कडं असेल तर ॲन्युलस, बहुतेक पट्ट्यांत ही दुसरीही मिसळलेली असते.

शंख बाळगल्याने जेलमध्ये जावं लागतं म्हणतात. खरं का?

सगळ्याच शंखांमुळे नाही. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या परिशिष्टांत २००१ साली अनेक सागरी मृदुकाय घातले गेले. शिंगवाला हेल्मेट शंख, ट्रायटन, नॉटिलस आणि ट्रायडॅक्ना हे राक्षसी शिंपले त्यांत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची सगळी रचना बदलली, त्यामुळे जुन्या लेखांतल्या याद्यांवर विसंबू नका. 'इंडिया कोड' या सरकारी साइटवर कायद्याची चालू प्रत आहे, ती उघडा.

परदेशी साइटवरून मागवायचा मोह होत असेल तर आधी 'स्पीशीज प्लस' बघा. आंतरराष्ट्रीय व्यापारावर कोणत्या जातींना सायटिस कराराचं बंधन आहे हे तिथे नावावरून कळतं. नॉटिलस आणि राक्षसी शिंपले त्यातही आहेत. विक्रेता 'नो प्रॉब्लेम सर' म्हणतो, पण प्रॉब्लेम त्याला नसतो, कस्टमला असतो. मी खरेदी करतच नाही. विक्रेत्यांच्या साइटवरचे स्वच्छ फोटो ओळखीसाठी फुकट वापरतो.

तळ्यातल्या शिंपल्यांत मोती होतो ना? यूट्यूबवर लाखाची कमाई सांगतात.

होतो. आपल्या लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिसमध्येच होतो. भुवनेश्वरजवळची 'सिफा' ही गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्रीय संस्था यावर काम करते आणि प्रशिक्षणही देते. जिवंत शिंपल्याच्या आत मणी किंवा साचा बसवायचा, जखम भरू द्यायची, मग जाळीत टांगून वर्ष-दीड वर्ष सांभाळायचं. या काळात पाणी, शेवाळ आणि मरतुक यांवर रोज नजर लागते. मणी बसवणं हे शस्त्रक्रियेचं काम आहे, व्हिडिओ पाहून होत नाही.

आमच्या भागात एकाने शिंपले विकत देऊन 'मोती आम्हीच परत घेऊ' असं सांगत पैसे घेतले. पहिल्या उन्हाळ्यात टाक्यातले निम्मे शिंपले गेले आणि त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. त्यात माझ्या मेहुण्याचेही पैसे होते. म्हणून आधी सिफाची साइट वाचा, मग खिशात हात घाला.

सोयाबीन खाणाऱ्या गोगलगायीचं काय? ती पण गोळा करता का?

रिकामी असेल तर करतो, सुरेख शंख आहे. जिवंत असेल तर हातमोजे घालून. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्याला आणली गेली आणि तिथून पसरली. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, आणि एका वेळी शंभरावर अंडी घालते. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे कोवळं सोयाबीन हिने कसं साफ केलं ते सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकायची आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हा उपाय कष्टाचा पण भरवशाचा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकत असाल तर कुत्रं आणि गुरं सांभाळा.

हातमोजे का, तर हिच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातल्या कृमीची पिल्लं असू शकतात आणि ती माणसाच्या मेंदूपर्यंत जातात. तसंच डबक्यातली चपटी, गुंडाळलेल्या दोरीसारखी इंडोप्लॅनॉर्बिस. तिच्यातून बाहेर पडणारे कृमी गुरांना आजार देतात आणि माणसाच्या कातडीला खाज आणतात. म्हशी डुंबतात त्या डबक्यात अनवाणी उतरू नका.

गोळा केलेले शिंपले पांढरे पडतात, तडकतात. काय करायचं?

दोन वेगळी दुखणी आहेत.

तडकतात ते बहुधा गोड्या पाण्यातले. त्यांच्यावर एक पातळ, काळपट साल असते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की ती सुकते, सुटते आणि आपल्याबरोबर शिंपल्यालाही ओढते. सावलीत वाळवा आणि वरून व्हॅसलीनचा अगदी हलका हात फिरवा. ब्लीचमध्ये घालू नका, साल गेली तर ओळख गेली.

पांढरी भुकटी येते ते समुद्री शंखांवर जास्त. याला 'बाइन रोग' म्हणतात. बाइन या इंग्रज संग्राहकाने १८९९ मध्ये त्यावर लिहिलं, आणि त्याला तो जंतूंचा प्रकार वाटला होता. खरं कारण लाकूड, प्लाय, पुठ्ठा यांतून निघणारी आम्लाची वाफ. शंख म्हणजे चुनखडीच, तिला आम्ल चालत नाही. लाकडी कपाट कितीही देखणं असलं तरी बंद खणात शंख कोंडू नका. प्लास्टिकचे डबे किंवा काचेच्या बरण्या बऱ्या.

आणि चिठ्ठी. कुठे, कधी, कुणाला, कशात सापडला. पेन्सिलने, कारण शाई ओलीने पसरते. ही नसेल तर तो शिंपला शोकेसची वस्तू झाला.

शेतातल्या दगडात शंख दिसतो. खरा असतो का?

खरा असतो, फक्त दगड झालेला. दख्खनचा काळा दगड लाव्हाच्या थरांनी बनला. दोन थरांच्या मध्ये कधी कधी बराच काळ गेला, तेवढ्यात तळी साचली, त्यात शंख जगले आणि पुढच्या लाव्हाखाली गाडले गेले. ही गोष्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. नागपूरजवळची टाकळी, जी आता शहरातच आली आहे, यासाठी जगभर ओळखली जाते. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने तिथले शंख गोळा केले आणि १८६० मध्ये त्यांवर निबंध छापला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना तो नदीच्या पुरात बुडाला.

जिवाश्म आयनॅचरलिस्टवर टाकू नका, ती साइट त्यासाठी नाही. पॅलिओबायोलॉजी डेटाबेस बघा. तिथे नकाशावर जागा निवडली की त्या थरांतून काय काय नोंदलं गेलं ते येतं. आणि छिन्नी घेऊन थर फोडायला जाऊ नका. नांगराने वर आलेला दगड पुरे.

असाच एक दगड मागच्या आठवड्यात आठवीतला एक मुलगा घेऊन आला. चुलत्याच्या शेतात सापडला म्हणाला. काळा गारेचा तुकडा आणि त्यात नखाएवढा पांढरा शंख. टोक वर करून धरला तर तोंड डावीकडे. लाव्हाच्या थरांमधला सर्वांत ओळखीचा शंख, फायसा, असाच डावा असतो. मी त्याला म्हटलं, हा बघ साडेसहा कोटी वर्षांचा दक्षिणावर्ती. तो म्हणाला, "मंग मी देवघरातच ठेवतो जी." दगड त्याने मला दिला नाही. पेन्सिलने चिठ्ठी मात्र लिहून घेतली.